आठवड्याचे अठ्ठावीस तास

माझ्याकडे जपानी शिकायला नवा विद्यार्थी आला की सोबत आलेले आई-वडील पहिल्या भेटीतच विचारतात, "मॅडम, तिकडे गेल्यावर पार्ट-टाइम मिळतो ना?" फी, परीक्षा, पुस्तकं हे सगळं नंतर. कोणी सोलापूरहून मुलीला घेऊन आलेलं असतं, कोणी इथलंच, पुण्यातल्या कोथरूडचं. मुलगा बी.कॉम. झालेला असतो, नोकरीचं काही जमत नसतं. कुठल्याशा सेमिनारमध्ये कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं, की जपानला भाषा शिकायला पाठवा, शिकता शिकता कमवेल, सगळा खर्च तिथल्या तिथे निघेल.

मी म्हणते, "मिळतो." हा एक शब्द ऐकून दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पुढे मी जे सांगते ते मग त्यांच्या कानावरून जातं, आणि नेमकं तेच त्यांनी ऐकायला हवं असतं. म्हणून ते आज लिहून काढते आहे.

आधी हिशोब. जपानमध्ये भाषाशाळेत गेलेल्याला तिथे राहायचा परवाना मिळतो तो शिकण्यासाठी. कामाची परवानगी वेगळी मागावी लागते. ती विमानतळावर उतरल्या उतरल्याही मागता येते, आणि ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तिची नोंद होते: आठवड्याला २८ तासांपर्यंत. दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्हीकडचे मिळून २८. आठवडा सोमवारपासून मोजा नाही तर गुरुवारपासून, सलग कुठलेही सात दिवस घेतले तरी आकडा २८च्या पुढे जाता कामा नये. शाळेला मोठी सुट्टी असेल तेव्हा मात्र दिवसाला ८ तास चालतात. बार, पाचिंकोचे जुगारखाने असल्या ठिकाणी तर भांडी घासायचं कामही करता येत नाही.

आता पैसे. टोकियोत २०२४च्या ऑक्टोबरात किमान वेतन तासाला १,१६३ येन झालं. त्या दरानं चार आठवडे पुरेपूर २८ तास भरले, तर महिन्याला एक लाख तीस हजार येन. येनचा भाव साठ पैशांच्या आतबाहेर धरला तर पाऊण लाख रुपयांपेक्षा जास्त, आणि हा आकडा ऐकून सोलापूरच्या काकांचे डोळे विस्फारतात. पण त्यातूनच खोलीचं भाडं, जेवण, रेल्वेचा पास, फोन, आरोग्यविम्याचा हप्ता जायचा असतो. भाषाशाळेची फी वर्षाला सात-आठ लाख येनच्या घरात असते. ती महिन्यांवर वाटली तर दर महिन्याला साठ-पासष्ट हजार येन. काटकसरीनं राहणारा मुलगा पोटापुरतं कमावतो, हे खरं. राहणं, खाणं आणि वर फी हे सगळं २८ तासांत बसत नाही. बसतं असं सांगणारा माणूस एक तर मुलाला कायद्याबाहेर काम करायला लावणार आहे, नाही तर कर्ज फेडायला घरच्यांना.

यात मला वाईट वाटतं ते पुण्याच्या बाबतीत. शिकणाऱ्या पोराच्या पोटाची सोय लावायची या गावाची रीत जुनी आहे. वार लावून जेवणारी मुलं, माधुकरी मागणारी मुलं आपल्या पणजोबांनी पाहिली, काही पणजोबा तर स्वतःच तसे शिकले. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, त्याचंच पुढे पुणे विद्यार्थी गृह झालं. तिथली मुलं माधुकरीवर शिकली, आणि संस्थेनं नंतर मुद्रणशाळा काढून मुलांच्या हाताला कामही दिलं. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, ती खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेला तर कर्मवीर भाऊराव पाटलांचंच नाव आहे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. काम किती घ्यायचं हे ठरवताना अभ्यास आधी पाहिला जायचा. वाराच्या घरची बाई पोराला पाण्याचे दोन हंडे भरायला सांगत असेलही, पण पाठशाळेची वेळ टळू देत नसे.

परभाषेसाठी परदेशी जाणंही आपल्याला नवं नाही. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी १८९९ साली गोव्यातलं घर सोडून पुण्याला आले, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, आणि १९०२ साली पाली भाषेसाठी सिलोनला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली ती श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित बौद्ध भिक्षू म्हणून. पुढे १९१०मध्ये हार्वर्डला गेले ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाला. म्हणजे ज्या कामाचे पैसे मिळायचे ते कामच पालीचं होतं. तिथून परतल्यावर १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. आज त्या कॉलेजच्याच रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, जर्मन, फ्रेंच, रशियनचे वर्ग भरतात. तिथून संध्याकाळी दप्तर सावरत बाहेर पडणारी मुलं पाहिली, की मला कोसंबींची आठवण होते. पोट भरायचं काम आणि भाषेचं काम एकच असणं हे भाग्य होतं, आणि ते बऱ्याच अंशी ठरवून मिळवता येतं.

मी २०१२च्या ऑक्टोबरात टोकियोला गेले. जाण्याआधी पुण्यात जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झाले होते, 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे दोन्ही भाग, म्हणजे पन्नासच्या पन्नास धडे झाले होते. पहिलं काम मिळालं ते कारखान्यात, रात्रपाळीचं, दुकानांना लागणारे जेवणाचे डबे भरायचं. नवख्या परदेशी मुलांना कारखाना पटकन घेतो, कारण तिथे बोलावं लागत नाही. शिवाय रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेला कायद्यानं पंचवीस टक्के जास्त मजुरी असते. म्हणून सगळी मुलं रात्रीकडे धावतात.

रात्री स्टेशनबाहेर कारखान्याची बस उभी असायची. पोचल्यावर पांढरा डगला, पांढरे बूट, डोळे सोडून सगळं झाकणारी टोपी आणि मास्क. अंगावरून चिकट रोलर फिरवायचा, एखादा केस किंवा धागा कुठे राहू नये म्हणून. कोपरापर्यंत हात धुवायचे, हवेच्या झोताच्या चिंचोळ्या खोलीतून आत जायचं, आणि पट्ट्यासमोर उभं राहायचं. डबा सरकत समोर येतो. भाताच्या मधोमध एक उमेबोशी ठेवायचं, खारवलेलं, लालसर, आंबट फळ. पुढचा डबा. पुन्हा उमेबोशी. माझ्या एका हाताला गाजराच्या चकत्या ठेवणारी मुलगी, दुसऱ्या हाताला तळलेला मासा ठेवणारा मुलगा. रात्रभर उभं राहून पायांना गोळे यायचे, पण त्याचं मला काही नव्हतं. पंचविशीतलं शरीर ते सोसतं. टोचायचं ते एवढंच, की इतका खर्च करून जपानला आलेली मी रात्रभर जपानीत एक वाक्य बोलत नव्हते. पट्ट्यावर नेपाळची मुलं बरीच होती, त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते हिंदीत. देखरेखीला असणारे गृहस्थ 'लवकर' आणि 'ठीक' या दोन शब्दांत पाळी काढायचे.

सकाळी नऊला शाळा. अर्धा वर्ग रात्रपाळी करून आलेला. व्हिएतनामची, नेपाळची, चीनची मुलं, कांजी अक्षरं गिरवता गिरवता पेन्सिल हातात धरून झोपलेली. आमच्या वर्गशिक्षिका वयानं बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांनी कधी कोणाला रागावून उठवलं नाही. त्या उठून खिडकी उघडायच्या. जानेवारीतल्या टोकियोची हवा वर्गात शिरली, की मुलं आपोआप जागी व्हायची. हजेरी घसरली तर परवाना वाढवून मिळत नाही, म्हणून सगळे येऊन बसायचे. पण हजेरीपटावर हजर असलेलं पोर वर्गात असतंच असं नाही, हे मी तिथे पाहिलं. एक मुलगा भाषेत खरंच हुशार होता. घरचं कर्ज होतं, म्हणून तो रात्रपाळी सोडू शकत नव्हता. दोन वर्षं टोकियोत काढून परत जाताना तो आला होता त्याच पातळीवर होता.

मी वसंत ऋतूत काम बदललं. स्टेशनवर नोकऱ्यांच्या जाहिरातींची फुकट मासिकं ठेवलेली असत, त्यातून एक पत्ता काढला. इताबाशी भागात वस्तीत आत असलेलं सोबा नूडल्सचं छोटं दुकान, नवरा-बायको चालवायचे. मजुरी तासाला ८५० येन, म्हणजे तेव्हाचं टोकियोचं किमान वेतन, कारखान्यापेक्षा कमी. आधी फोन करून वेळ मागायची, आणि तो फोन हीच पहिली मुलाखत. मग छापील नमुन्यावर स्वतःच्या हातानं शाईनं माहिती लिहायची, वर छोटा फोटो चिकटवायचा. एक अक्षर चुकलं तर खाडाखोड चालत नाही, नवा कागद घ्यायचा. तिथली ही रीत मला आवडली. अर्ज वाचणाऱ्याला तुमचं अक्षर दिसतं, आणि तुम्ही किती जीव लावून लिहिलंय तेही.

दुकानात मालकाला 'ताइशो' म्हणायचं, मालकीणबाईंना 'ओकामी-सान'. 'मिन्ना नो निहोंगो'त आदरार्थी भाषा येते ती अगदी शेवटी, ४९व्या आणि ५०व्या धड्यात. दुकानात ती पहिल्या दिवशी, पहिलं गिऱ्हाईक पडदा सारून आत आल्या क्षणी लागते. गिऱ्हाईक किती जणांचं आहे हे विचारायला वेगळी भाषा, त्यांनी मागवलेलं स्वयंपाकघरात सांगायला वेगळी. वर्गात हे सगळं मी तक्त्यात भरलं होतं. तक्ता आठवेपर्यंत गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं असतं.

सगळ्यात अवघड होतं ते फोन उचलणं. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत. एकदा पलीकडून ताइशोंची चौकशी झाली. ते बाजारात गेले होते. पुण्यात वाढलेल्या मुलीला मोठ्यांविषयी आदरानं बोलायला कोणी शिकवावं लागत नाही. "काका बाहेर गेलेत," "सर येतायत," हे आपल्या तोंडात बसलेलं. जपानीत उलट. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या माणसाचा आदर काढून घ्यायचा, त्याच्या नावापुढचं 'सान'सुद्धा गाळायचं, आणि क्रियापद नम्र लावायचं. दुकानाचा मालक, माझ्या वडिलांच्या वयाचा, त्याचं नुसतं आडनाव घेऊन "बाहेर गेलाय" म्हणायचं. नियम मला पाठ होता, पण जीभ रेटेना.

दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली, की संध्याकाळपर्यंत दुकान बंद असायचं. त्या वेळात ओकामी-सान टेबलं पुसता पुसता गिऱ्हाईक व्हायच्या. कानाला मूठ लावून फोन करायच्या, आवाज बदलून ताइशोंना मागायच्या, आणि मी ताइशोंच्या देखत त्यांचं नाव 'सान'शिवाय घ्यायचे. ताइशो पीठ मळत असायचे, मान वर न करता "बरोबर" म्हणायचे. असं कितीतरी दुपारी चाललं. एक दिवस खरा फोन आला आणि वाक्य आपोआप तोंडातून गेलं. आपल्या माणसाला लहान करून समोरच्याला मान द्यायचा, आपलं कोण आणि परकं कोण ही रेघ बोलताना सतत हलती ठेवायची, हे मला त्या टेबलांमध्ये उमगलं. आणि त्या रेघेच्या आतल्या बाजूला मला धरलं होतं, हेही.

दुकानानं सगळं शिकवलं असं मी म्हणणार नाही. वर्गात व्याकरणाचा पाया आणि कांजीचा रियाज झाला नसता, तर दुकानातलं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. नुसतं काम करून भाषा शिकलेली माणसंही मी पाहिली आहेत. भराभर बोलतात, पण बँकेचं पत्र वाचता येत नाही. पण वर्गात शिकलेलं मुरतं कामावर, आणि त्यासाठी काम तोंड उघडायला लावणारं असावं लागतं.

म्हणून माझे विद्यार्थी काय काम घेऊ असं विचारतात तेव्हा मी मजुरी नंतर पाहायला सांगते. कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असणारी दुकानं, सगळ्यांनाच हवी असतात. सुरुवातीला ती चांगली. पण तिथली गिऱ्हाइकाशी बोलायची वाक्यं ठरलेली असतात: डबा गरम करू का, कार्ड आहे का. जुलै २०२०पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडू लागले, तेव्हा पिशवी हवी का, हे आणखी एक वाढलं. महिनाभरात ती तोंडपाठ होतात आणि मग भाषा तिथेच थांबते. तिथे माल मागवायचं, नव्या पोरांना शिकवायचं काम अंगावर घेतलं तरच पुढे सरकते. माझी एक विद्यार्थिनी ओसाकात वृद्धाश्रमात मदतनीस होती. आजी-आजोबा तिला तिथल्या बोलीत दिवसभर काही ना काही सांगत बसायचे, तेच तेच पुन्हा सांगायचे. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? आज ती दुभाषी म्हणून काम करते, आणि तिचं जपानी माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी अभिमानानं सांगते.

जर्मनीला जाणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. औंधला जर्मन शहराच्या नावाचा ब्रेमेन चौक आहे आणि सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान; पुण्याला दोन्ही देशांची ओढ आहे. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात शिकून तिकडे गेलेली मुलं भेटतात. तिथे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्याला मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण त्याआधी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत बांधून ठेवलेले दाखवावे लागतात. पालकांना ही अट जाचक वाटते, मला ती शहाणपणाची वाटते. पहिल्या महिन्याचं भाडं भरण्यासाठी मुलाला मिळेल त्या गोदामात रात्री उभं राहावं लागत नाही. अर्थात तेच पैसे व्याजानं उचललेले असतील तर अट पुरी होते आणि ओझं मात्र तसंच राहतं.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला पाठवा, जरूर पाठवा. पण एन-४ इथे पुण्यात पास झाल्याशिवाय पाठवू नका, आणि एन-३पर्यंत थांबता आलं तर थांबा. त्या एका पातळीनं मुलगा पट्ट्यासमोर उभा राहणार की गिऱ्हाइकासमोर, हे ठरतं. पहिल्या वर्षाची फी कर्ज न काढता हाताशी ठेवा. पहिले तीन महिने त्याला काम न करता राहता येईल एवढी तजवीज करा, शहर ओळखीचं होऊ द्या. सेमिनारवाल्याला भाषाशाळेचं नाव विचारा, तिथून निघालेली मुलं पुढे कुठे लागली ते विचारा, आणि सगळा खर्च २८ तासांत कसा निघतो ते कागदावर मांडून दाखवा म्हणावं. मुलगा फोनवर थकलेला वाटला, तर किती कमावलंस हे विचारू नका. आज कोणाशी बोललास, ते विचारा.

आणि एन-४, एन-३ची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि केंद्र पुण्यातच आहे.